चार रविवारांची अट

मी, श्रीमती दमयंती पास्कल लोपीस, वय अडुसष्ट, धर्म ख्रिस्ती, निवृत्त अंगणवाडी सेविका, राहणार पाम, तालुका पालघर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं जागेवर आहे, फुप्फुसं नाहीत. पुढच्या नाताळाची वाट पाहू नका, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं आहे. माझ्यावर कोणी दमदाटी केलेली नाही आणि गोड बोलूनही कोणी हे लिहून घेतलेलं नाही. मला गोड बोलून गुंडाळणारा माणूस अजून जन्मायचा आहे, हे गावाला ठाऊक आहे.

माझी माणसं अशी. पती पास्कल वारले. थोरला मुलगा विनोद बोईसरला एकटाच फ्लॅटमध्ये राहतो. धाकटा विपुल तारापूरच्या एका रसायनाच्या कारखान्यात फिटर होता. तीन वर्षांपूर्वी तिथल्या स्फोटात तो गेला. त्याची बायको स्वाती, माहेरची साताऱ्याकडची, हिंदू, आणि त्यांची मुलगी वैभवी माझ्याजवळ राहतात.

कलम पहिले. माझी सोन्याची माळ आणि कुड्या वैभवीला. शिलाई मशीन स्वातीला. शिवते तीच, मी नुसतं तेल घालते. बँकेत आहे त्यातून माझी माती करावी आणि उरेल ते वैभवीच्या शिक्षणाला लावावं. विपुलच्या मागे कारखान्याकडून मिळालेली भरपाई स्वातीची आहे. त्याबद्दल लिहिण्याचा मला हक्क नाही आणि बोलण्याचा इतर कोणालाही नाही.

कलम दुसरे. माझ्या मातीला कारखान्याच्या साहेबांनी हार घेऊन येऊ नये. विपुलच्या वेळी आणला होता, त्यावर दुकानाची किमतीची चिठ्ठी तशीच होती. तो हार मी कबरीवरून उचलून कुंपणापलीकडे फेकला, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

कलम तिसरे. पाममधलं राहतं घर, पुढची पडवी आणि मागची विहीर (कारखान्यांनी नासवलेल्या तिच्या पाण्याने भांडीसुद्धा घासू नयेत) यांचे दोन सारखे हिस्से करावेत. एक विनोदला, एक स्वातीला. मात्र याला अट आहे, आणि ती का आहे हे सांगितल्याशिवाय कोणाला कळणार नाही.

पास्कल होते तेव्हापासून आमच्या घरात आगमनकाळ पाळतात, म्हणजे नाताळाआधीचे चार रविवार. संध्याकाळी दिवे मालवायचे, त्या रविवारची मेणबत्ती लावायची, बायबलमधलं एक वचन वाचायचं आणि मग अर्धा तास सगळ्यांनी मिळून गप्प बसायचं. काही मागायचं नाही. पास्कल म्हणायचे, वर्षभर आपणच देवाला सांगत असतो, चार दिवस त्याला बोलू दे. जन्म कारखान्यातल्या मशीनच्या घरघरीत गेलेला माणूस, त्याला त्या अर्ध्या तासाची भूक असायची. पुढे घरात मोबाईल आले, तेव्हा ते तांदळाच्या डब्यात बंद करायचा नियम मी केला.

विपुल गेला त्या वर्षी आगमनकाळाचा दुसरा रविवार होता आणि तो ड्यूटीवर होता. आम्ही बसलो असताना डब्यात फोन थरथरायला लागला. थांबला, पुन्हा लागला. विनोद उठला. स्वाती आमच्यात येऊन बरीच वर्षं झाली होती, तरी आपल्या हातून काही चुकेल म्हणून भीत असे आणि आमच्यापेक्षा कडक पाळत असे. तिने विनोदचा हात धरला.

"भाऊजी, बसा ना. थोडंच राहिलंय."

तो बसला. डबा उघडला तेव्हा विनोदच्या फोनवर विपुलचे कॉल होते, एकामागून एक. भाजलेल्या अवस्थेत बाहेर काढल्यावर तो सोबतच्या बिहारी मुलाला पुन्हा पुन्हा घरीच फोन लावायला सांगत होता. आम्ही इस्पितळात पोचलो तेव्हा त्याची वाचा गेली होती. त्याला काय सांगायचं होतं ते आम्हाला कधीच कळलं नाही.

मातीच्या दिवशी विनोद सगळ्यांदेखत स्वातीला म्हणाला, "तू मला बसवलंस." एवढंच. त्यानंतर तो या घरात बसलेला नाही. माझ्या ऑक्सिजनचं सिलिंडर दर आठवड्याला आणतो, पडवीत ठेवतो आणि जातो.  स्वाती आजही माझ्याबरोबर आगमनकाळ पाळते, पण तिचं गप्प बसणं म्हणजे शांतता नव्हे, ते मला कळतं. माझ्याही मनाला शांतता नाही. आम्ही देवाला बोलायला जागा करून दिली आणि नेमका त्याच वेळी माझा मुलगा आमच्याशी बोलायला तडफडत होता. हे मी देवाला विचारलं आहे. अजून उत्तर आलेलं नाही. तरी मी त्याच्यासमोर बसते, कारण जायचं तरी कुठे?

विनोदने एक लक्षात ठेवावं. नियम माझा होता. दोष द्यायचा तर माझ्या कबरीशी येऊन मला द्यावा.

अट अशी की माझ्यामागे येणाऱ्या पहिल्या आगमनकाळात, चारही रविवारी, विनोद आणि स्वाती यांनी या घरात एका खोलीत बसावं. फोन चालू ठेवावा आणि वाजला तर खुशाल उठावं. जो बसणार नाही त्याचा हिस्सा दुसऱ्याला जाईल. अशी अट कोर्टात टिकणं कठीण, असं वकील म्हणाले. टिकेना का, विनोदला टोचली म्हणजे झालं.

सही करण्याआधी आणखी लिहावं लागत आहे.

आज आगमनकाळाचा तिसरा रविवार. साक्षीसाठी शेजारची साखरबाई आणि पंढरी यांना सांगून ठेवलं होतं. पंढरीला अचानक वाणगावला मयतीला जावं लागलं. तेवढ्यात विनोद सिलिंडर घेऊन आला. मी मुद्दाम हा कागद त्याच्या हातात दिला. त्याने उभ्याउभ्याच सगळा वाचला. स्वाती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. वाचून झाल्यावर त्याने माझ्याकडे पेन मागितलं, पंढरीच्या जागी साक्षीची सही करतो म्हणाला. मी त्याला थांबवलं. आपल्या ख्रिस्ती लोकांच्या कायद्यात साक्षीदाराला त्या मृत्युपत्रातून काहीच मिळत नाही, तुझा हिस्सा जाईल, हे वकिलांनी मला दोनदा बजावलं होतं ते त्याला सांगितलं.

"आयकला," तो म्हणाला. "म्हणूनच करतोय."

मग तो स्वातीकडे वळला. तीन वर्षांत पहिल्यांदा तिच्याशी बोलला.

"अट हाय तवर मी घरासाठी बसलो असाच तुला वाटंल. मला घर नाय पायजे. मी आज बसतो."

स्वाती दारातच खाली बसली आणि ओक्साबोक्शी रडली. विपुल गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती. मी तिला गप्प केलं नाही.

सबब कलम तिसऱ्यातली अट मी रद्द करते. संपूर्ण घर स्वातीला जाईल. हे सगळं वाचून, समजून मी सही करत आहे.

ठिकाण: पाम
दिनांक: १४ डिसेंबर २०२५

(सही) दमयंती पास्कल लोपीस

आम्हा दोघांसमोर त्यांनी सही केली, आणि त्यांच्यासमोर आम्ही केली.

साक्षीदार १: साखरबाई, शेजारीण, राहणार पाम (डाव्या हाताचा अंगठा)

साक्षीदार २: (सही) विनोद पास्कल लोपीस, मुलगा