विचारून सांगतो

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, गुलाबांची रोपवाटिका चालवणारी, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरीणबाईंनी सोबत जोडला आहे. त्या स्वतः मात्र माझ्या पांढऱ्या गुलाबाला अजून मोगरा म्हणतात.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक लेकीला. खिडकीवरचा वेल तिने छाटू नये. दुपारभर त्याची सावली अंथरुणावर हलते आणि मी अर्धी झोपेत, अर्धी जागी अशी तरंगत असते.

२. रोपवाटिका आणि कलमासाठी डोळे भरायचा माझा चाकू धाकट्या भावाला. हो, त्यालाच. अकरा वर्षं आम्ही एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही, ते एका पत्र्याच्या पाटीपायी.

विहिरीजवळच्या, मधोमध हिरवा ठिपका असलेल्या फिकट गुलाबाची काडी बाबांनी एका विकायला काढलेल्या बंगल्यातून आणली. गिऱ्हाइकाने नाव विचारलं, तेव्हा त्यांनी पाटीवर लिहिलं, ‘विचारून सांगतो’. विचारायचं राहिलं, बाबा गेले. लोकांना तेच नाव वाटलं. “ताई, दोन विचारून सांगतो द्या,” म्हणत माणसं लांबून येत.

धाकट्याने जुनी सूचीपत्रं धुंडाळून खरं नाव काढलं, कुणा जुन्या राणीचं, आणि बाबांची पाटी उपटली.

“बाबांपेक्षा शहाणा झालास?” मी म्हणाले.

“ताई, बाबांना नाव हवंच होतं ना? मी विचारून आलो.”

मी त्याला फाटकाबाहेर काढलं.

३. मागाहून मीही गुपचूप शोध घेतला, त्याला खोटं पाडायला. चार वर्षांनी बंगल्याच्या मालकिणीची नात सापडली. तिच्या आजीच्या वहीत एक वाळलेलं फूल होतं, मधोमध तोच हिरवा ठिपका, खाली तेच राणीचं नाव. धाकटा बरोबर होता. हे त्याला सांगायला माझी जीभ रेटली नाही. चूक माझी आहे, आणि मला त्याची फार आठवण येते.

४. पाटीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी राणीचं नाव लिहिलं आहे. पुढे बाबांचं अक्षर तसंच आहे. ती धाकट्यानेच रोवावी. हल्ली डोळा लागला की बाबा वाफ्यांतून फिरताना, वाकून एकेक पाटी वाचताना दिसतात. कोणती बाजू रस्त्याकडे ठेवू, असं धाकट्याने विचारलं, तर त्याला माझा निरोप द्यावा: बाबांना भेटते आणि विचारून सांगते.

वरील मजकूर चष्मा पुसून दोनदा वाचला आणि मगच सही केली.

सही: ताई

साक्षीदार: १. डॉक्टरीणबाई २. शेजारचे शिंपीकाका

ठिकाण: विहिरीजवळचा मांडव
दिनांक: ९ जानेवारी, पहिली कळी उमलली त्या सकाळी