मिनीडोरला ड्रॅग शर्यतीत उतरू देण्याबाबत

प्रति,
मा. उपविभागीय अधिकारी,
रोहा, जि. रायगड.

विषय : वार्षिक ड्रॅग शर्यतीत सहा आसनी रिक्षांना (मिनीडोर) भाग घेण्यास परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : गतवर्षीचे परवानगीपत्र, अट ‘फक्त दुचाकी व चारचाकी’.

महोदय,

१. अर्जदार लतीफ हसन रोहेकर यांचे रोह्यात गॅरेज आहे. बहारीनमध्ये नोकरीस असताना त्यांनी ड्रॅग शर्यती पाहिल्या : सरळ रस्ता, शेजारी शेजारी दोन गाड्या, आधी पोहोचेल तो जिंकला. गावी परतल्यावर बंद पडलेल्या एका कारखान्याच्या आवारात, रीतसर परवानगीने, त्यांनी तशीच शर्यत सुरू केली. पहिल्या वर्षी पेण, नागोठणे, कोलाडहून एवढी माणसे आली की अर्जदारास स्वतःला उभे राहायला जागा उरली नाही.

२. पुढे मुंबईच्या महागड्या गाड्या येऊ लागल्या. वेग वाढला, तशी गर्दी आटली. शेजारच्या सीताबाई पान लावून वर पाहतात तो धुरळाच. “गेली व्हय? मग मी काय बघायला आले?” असे त्यांनी विचारले. गतवर्षी प्रेक्षकांपेक्षा खुर्च्या जास्त होत्या.

३. त्याच खुर्च्या परत नेण्यास हमरापूरच्या दर्शना ठाकूर आपली मिनीडोर घेऊन आल्या होत्या. एरवी त्या गणपतीच्या मूर्ती पोहोचवतात. अंतिम फेरीत मुंबईहून आलेल्या शाहिद यांच्या नव्या कोऱ्या गाडीशेजारची गाडी सुरूच होईना, तेव्हा दर्शना म्हणाल्या, “मी र्‍हाते उभी. खुर्च्या तेवढ्या उतरवा.” गंमत म्हणून अर्जदाराने हेल्मेट दिले. अटीचा भंग झाला, हे अर्जदार कबूल करतात.

४. निशाण पडताच शाहिद यांच्या गाडीची चाके जागीच फिरत राहिली आणि मिनीडोर पुढे निघाली. “धाव गो दर्शना!” अशी आरोळी उठली. माणसे कुंपणाबाहेरून तिच्याबरोबर पळू लागली. पळता येत होते, हे विशेष. शेवटी शाहिद यांनी तिला गाठले व ते जिंकले. परंतु लोकांनी खांद्यावर घेतले दर्शना यांना. शाहिदही टाळ्या वाजवत होते.

५. तो व्हिडिओ घरोघरी पोहोचला. यंदा पेण ते रोहा पट्ट्यातील मिनीडोरवाल्यांनी नावे दिली असून महागड्या गाड्यांपैकी एकीचेही नाव आलेले नाही. आपल्या कार्यालयात तोंडी सांगण्यात आले की, तीनचाकीला शर्यतीचा वेग नाही. अर्जदारास हे पूर्ण मान्य आहे. तेच तर हवे आहे. ओळखीचे माणूस गाडीत हवे आणि त्याचे नाव घेऊन ओरडायला सवड हवी, एवढेच लोकांचे मागणे आहे.

६. तरी अटीत ‘तीनचाकी’ हा शब्द घालावा. परवानगी न मिळाल्यास यंदा शर्यत भरणार नाही आणि बंद पडलेली गोष्ट पुन्हा सुरू होत नाही, हे अर्जदार गॅरेजच्या अनुभवावरून सांगतात. इतक्या वर्षांत एकदाही मैदानाकडे न फिरकलेल्या त्यांच्या पत्नी बिल्किस यांनी काल प्रथमच विचारले, “शर्यत कधी हाय?” अर्जदारास तारीख सांगता आली नाही. ती आपणच सांगावी, ही विनंती.

आपल्या होकाराची वाट पाहणारा,
लतीफ हसन रोहेकर
रोहा, दि. ५ जानेवारी २०२५

सोबत : मैदानाचा नकाशा, डॉक्टरांचे संमतीपत्र, स्पर्धकांचे वाहन परवाने.