तिघांत एकच मोबाइल

करमाड, मंगळवार संध्याकाळ

आज शहरात सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणाऱ्या टेस्टरच्या नोकरीची मुलाखत दिली. साहेबांनी एका दवाखान्याचा डेटाबेस दाखवला. "प्रत्येक पेशंट वेगळा ओळखायची खूण, म्हणजे प्रायमरी की, त्याचा मोबाइल नंबर. चालेल ना?"

पटकन बोलून गेले, "नाही चालणार, सर. आमच्या घरी आई, वडील अन् मी, तिघांत एकच मोबाइल. आईच्या गोळ्या अण्णांच्या नावावर चढतील."

साहेब हसले नाहीत, पटल्यासारखी मान हलवली. तिघांत एकच मोबाइल, हे सांगताना लाज वाटायला हवी होती का? नाय वाटली. उलट लई भारी वाटलं!

आत्ता त्याच मोबाइलवर फोन आला. अण्णांनी उचलून नेहमीसारखं विचारलं, "तिघांतलं कोण पाहिजे?"

मग ताठ बसले, फोन माझ्याकडं देत म्हणाले, "टेस्टर मॅडम पाहिजेत म्हणं."