आईच्या तोंडचा नवस

सांगली,
ता. ७ सप्टेंबर १९४३

प्रिय वन्सं मार्थाबाई यांस,
हन्नाचा प्रभूमध्ये सप्रेम सलाम वि. वि.

दाविदाचा ताप उतरला. एकवीस दिवसांचा विषमज्वर. बाविसाव्या दिवशी अंग गार लागलं तेव्हा मी घाबरून आधी त्याच्या नाकाशी हात धरला. आता तो दिवसभर खायला मागतो. काल पेजेवर रुसून त्याने वाटी उपडी केली आणि मी रागवायचं सोडून देवाचे आभार मानले. तुमच्या भावाला इराकात कळवलं आहे. पलटणीत पत्र केव्हा पोचेल ते सेन्सॉरवाला जाणे.

आता खरी गोष्ट. ती लिहायला तीन दिवस टाक हातात घेते आणि खाली ठेवते. तापाच्या दहाव्या दिवशी माझ्या आईने गावच्या मरीआईला नवस बोलला. पोर उठलं तर त्याला तुझ्यापुढं तागडीत बसवून भाराइतका गूळ वाटीन, असा. मला न विचारता. मी त्या वेळी आतल्या खोलीत गुडघ्यावर होते. आता ती म्हणते, दिवाळीनंतर जत्रा आहे, पोराला घेऊन गावी चल. आपला धर्म तिला कळत नाही असं नाही. दोन वर्षं माझ्याकडे राहते, रविवारी उशीर झाला तर तीच मला उपासनेला हाकलते. पण मी बाप्तिस्मा घेऊन हन्ना झाले तरी तिच्या तोंडी अजून हरणाच. तिचं म्हणणं सरळ आहे. नवस बोलला, गुण आला, आणि न फेडला तर भोगायचं दाविदाने.

मी नाही म्हटलं. तेव्हापासून पोर शिंकलं तरी मी धावत जाऊन त्याच्या कपाळाला हात लावते. मी मरीआईला भीत नाही, असं दिवसातून दहादा स्वतःला सांगते. जो भीत नाही त्याला दहादा सांगावं लागत नाही, हेही कळतं. आणि पवित्र शास्त्रातल्या, बायबलातल्या, माझ्या नावाच्या बाईने तर मुलासाठी स्वतःच नवस केला होता. तिचा चालला, मग आईचा का नाही? हसू नका. उत्तर लवकर धाडा.

लोभ आहे तो पातळ होऊ देऊ नये.
आपली,
हन्ना

सातारा,
ता. १५ सप्टेंबर १९४३

प्रिय हन्ना हिस,
मार्थाचा सलाम व अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले, मग रडले. लग्नात माझ्या भावाचं नाव एका दमात घेणारी तू, तुला टाक उचलायला तीन दिवस लागावेत म्हणजे काळजीच आहे. दाविदाला माझ्याकडून दोन मुके, आणि पेज उपडी केल्याबद्दल एक चापट.

शास्त्रातल्या हन्नाने आपल्या तोंडाने, आपल्याच देवापाशी मागितलं. तुझ्यासाठी दुसऱ्याने दुसऱ्यापाशी मागितलं. फरक आहे, पण भीतीला तो सांगून उपयोग नाही. वीस वर्षं मी बायबलबाई म्हणून गावोगाव फिरते आहे. तरी तिन्हीसांजेला वडाखालून एकटी जाताना गीत म्हणते, ते काही गळा गोड आहे म्हणून नव्हे.

मला एक वाट सुचते. पुढच्या महिन्यात तुमच्या चर्चच्या मंडळीत कापणीचा सण होईल. लोक धान्य, भोपळे, कोंबड्या आणतील. तिथेच दाविदाला तागडीत बसव आणि त्याच्या भाराइतका गूळ गरिबांना वाट. तुझ्या आईचा, तानुबाईंचा, शब्द राहील, तुझा विश्वासही राहील. मात्र पोराला फार खाऊ घालू नकोस, नाहीतर सांगलीच्या पेठेत गूळ उरायचा नाही.

तुझ्या आईवर चिडू नकोस. दुष्काळात तुला मिशनच्या बोर्डिंगात सोडून जाताना ती फाटकापासून तीनदा माघारी आली होती, असं जुन्या मेट्रनबाई सांगत.

आमची आठवण आणि जिव्हाळा तुझ्या घरी असाच नांदो.
तुझी वन्सं,
मार्था

सांगली,
ता. ८ नोव्हेंबर १९४३

प्रिय वन्सं यांस,
स. सलाम वि. वि.

कापणीचा सण झाला. तागडी मी नेली नाही. तुमची वाट आईला सांगितली तर ती लगेच कबूल झाली, आणि तिथेच माझं मन अडलं. म्हणाली, व्हय की, देव कंचाबी असंना, बोलल्यालं पोचलं म्हंजी झालं. वन्सं, मग मरीआईच्या जागी आपण प्रभूला बसवलं, एवढंच झालं की. पोर त्याने दिलं ते काय गुळासाठी? दाविदाच्या हातात एक भोपळा दिला, तो त्याने पुढे नेऊन ठेवला आणि आम्ही घरी आलो.

हे सगळं मी मोठ्या शहाणपणाने लिहिते आहे. काल संध्याकाळपासून त्याला पुन्हा ताप आहे.

डॉक्टर म्हणतात, विषमज्वर कधीकधी उलटतो. आई उंबऱ्यावर बसून माझ्याकडे बघते. बोलली असती तर भांडता तरी आलं असतं. जत्रा आठ दिवसांवर आली. मला प्रार्थना येईनाशी झाली आहे. गुडघे टेकले की गावाकडे जाणाऱ्या मोटारीची वेळ आठवते. आज मी दाविदाचे कपडे पिशवीत भरले आणि काढले. दोनदा.

लोभाची आता फार गरज आहे.
हन्ना

सातारा,
ता. १० नोव्हेंबर १९४३

प्रिय हन्ना,
सलाम.

कार्डावर मावेल तेवढंच लिहिते, म्हणजे टपाल चुकणार नाही. मी दाखवली ती वाट सोपी होती, खरी नव्हती. माझी चूक झाली.

तुला प्रार्थना येत नसेल तर करू नकोस. आमच्या तोंडाने होईल. आजपासून इथल्या मंडळीतल्या आठ जणींनी वेळ वाटून घेतली आहे. एक उठली की दुसरी गुडघे टेकते. तू पोराच्या कपाळावर ओला फडका ठेव. ताप उतरेलच असं मी लिहीत नाही, ते मला ठाऊक नाही. प्रभू तुला सोडणार नाही, एवढं ठाऊक आहे.

जीव लावणारी,
मार्था

सांगली,
ता. २१ नोव्हेंबर १९४३

प्रिय वन्सं यांस,
हन्नाचा सप्रेम सलाम वि. वि.

परवापासून दाविदाला ताप नाही. जत्रा होऊन गेली. मी गेले नाही.

जत्रेच्या आदल्या सकाळी आई उठली, धुतलेलं लुगडं नेसली आणि एकटीच मोटारीने गावी गेली. मला वाटलं, तुटलं सगळं. पोर तापाने बरळत होतं. मी खाली बसले आणि इतकंच म्हटलं, प्रभू, तुझाच आहे. काही मागितलं नाही. तुमच्यातल्या कुणाची ती वेळ होती मला ठाऊक नाही, पण माझा भार कुणीतरी उचलून धरला आहे असं वाटलं. त्या दिवशी पिशवी भरली नाही.

तिसऱ्या दिवशी आई परत आली. ती आली त्याच्या दुसऱ्या दिवशी ताप उतरला. कुणामुळे, ते ती एक सांगेल, मी एक सांगेन. आम्ही भांडलो नाही.

जेवताना तिने कालवण बाजूला सारलं आणि तिच्या भाकरीच्या पिठात मीठ घालू नको म्हणाली. आता मरेपर्यंत नाही. खूप विचारलं तेव्हा सांगितलं. देवीपुढे पदर पसरून ती म्हणाली होती, 'माज्या पोरीचा देव येगळा हाय, तिच्याकडं बगू नगंस. नवस मी बोलले, तोंड माजं. पोराला सोड, काय घ्यायचं ते माज्यातनं घे.' आणि मीठ सोडून आली.

वन्सं, प्रभूने दुसऱ्याचं आपल्या अंगावर घेतलं, हे मी बोर्डिंगात असल्यापासून ऐकत आले. डोळ्यांनी पाहिलं ते परवा, माझ्याच चुलीपाशी. तुम्ही मंडळीत साक्ष द्याल की आमच्या हन्नाने विश्वास राखला. देऊ नका. मी राखला आणि आई अळणी भाकरी खाते आहे. मी तिला विनवलं, तुझ्याकडून कुणी काही मागत नाही, सोड हा हट्ट. ती म्हणाली, हरणे, तू तुज्या देवाला दिल्याला सबूद सोडलास का?

मी उठले आणि तिच्या भाकरीचं पीठ वेगळं काढून बिनमिठाचं मळलं.

आठ जणींना माझा सलाम सांगा. त्यांना म्हणावं, थांबू नका, फक्त आता नाव तानुबाईंचं घ्या. लोभ त्यांच्यावरही असावा.

आपली,
हन्ना