पाहुणीसमोर पाय

६ जाने., मंगळवार
पायांचा दिवस. पळस्पे फाट्यामागच्या आमच्या संस्थेच्या खोलीवर पहिली हिराबाई, नेहमीप्रमाणे. जासईहून दोन गाड्या बदलून येते. डावा पाय हत्तीपाय, गुडघ्यापासून खाली मांडीएवढाच जाड. साबणाने धुतला, बोटांच्या बेचक्या कोरड्या केल्या, मलम. ‘बाय, तुमचं हात लय थंड हायत,’ म्हणाली. हे गेल्यापासून मला कोणाचा हात लागतो तो मंगळवारीच. बाकी सहा दिवस वॉचमन, दूधवाला आणि टीव्ही.
डॉक्टरांचा फोन. संस्थेला परदेशातून पैसे देणाऱ्यांकडून एक मुलगी वीस तारखेला बघायला येणार. तिला पटलं तर खोली चालू, नाहीतर बंद. ‘नीट दाखवा,’ म्हणाले. दाखवायचं काय, पाय आहेत की समोर!

१३ जाने., मंगळवार
बायकांना सांगून ठेवलं: पुढच्या मंगळवारी लांबून पाहुणी येणार आहे, सगळ्यांनी या. हिराबाईने लगेच ‘काय खाते ती?’ विचारलं.

१६ जाने., शुक्रवार
बिल्डिंगमध्ये हळदीकुंकू. समोरची घरोघर बोलावणं करत गेली. माझ्या दाराशी पैंजण थबकले आणि पुढे गेले. दार उघडून ‘अगं ये की आत’ म्हणणार होते. नाही उघडलं. आमटी तिखट झाली ती तशीच खाल्ली. कोणासाठी गूळ घालायचा.

२० जाने., मंगळवार
काय सांगू! एरवी गुडघ्यावर लुगडं खोचून येणाऱ्या बायका आज काठापदराच्या साड्या घोट्याखालपर्यंत सोडून, गजरे माळून हजर. हिराबाईने तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी आणलेली. टबसुद्धा घासून भिंतीशी पालथे घातले होते.
मुलगी गोड होती. बरोबर मराठी बोलणारा एक जण. तिने पाय बघायला मागितले. सगळ्यांनी पाय आणखी आत घेतले. हिराबाई तोंडाला पदर लावून हसली, ‘पाव्हनीकडं पाय कोन करंल?’ बाकीच्यांनी माना हलवल्या. मी दोनदा म्हटलं, ‘अगं दाखव, त्यासाठीच आलीय ती.’ तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मीच काहीतरी वंगाळ बोलले. चारचौघांत बाईची साडी काय ओढून वर करू?
मुलीने डोळ्यांतून पाणी काढत चटणी खाल्ली, हसऱ्या बायकांचे फोटो काढले. जाताना म्हणाली, इथलं वातावरण फार आनंदी आहे. मी कपाळाला हात लावला, पण ती वळल्यावर.

२३ जाने., शुक्रवार
डॉक्टर. आवाजावरूनच कळलं. तिचं म्हणणं, इथल्या बायका बऱ्या दिसतात, गरज भागलीय. पैसे आता दुसऱ्या देशात, गोळ्या वाटायला. महिनाअखेर खोली सोडायची.
गोळ्यांना पैसे आहेत. गोळ्यांनी पुढच्यांचा आजार टळतो, हे मलाही समजतं. पण ज्यांचा पाय आधीच सुजलाय त्यांनी काय करायचं? धुतला नाही की जखम, जखम झाली की ताप, आणि दर तापागणिक पाय आणखी जाड. फार चिडले. मग वाटलं, तिथेही कोणी हिराबाई असेलच, तिच्या वाटणीचं हिसकावून मी कशी घेऊ. तरी चिडले ते चिडलेच.
रडू आलं. बायकांसाठी की माझ्या मंगळवारासाठी, ते...

२७ जाने., मंगळवार
खोली जातेय, सांगून टाकलं. हिराबाई उसळली, ‘पाय बघाया येतेय, असं बोलायचं व्हतं! तुमी पाव्हनी बोललांव, आमी पाव्हनीसारकं वागलांव.’ खरंय. पाहुणी मीच म्हटलं होतं. मग हळूच, ‘आमचं चुकलं काय, बाय?’ नाही गं, म्हटलं. त्यांचंही चुकलं नाही आणि त्या पोरीचंही नाही, आता भांडू कोणाशी.
डॉक्टरांच्या मागे लागले. पुढच्या मंगळवारी व्हिडिओ कॉल. खोली तोवर गेलेली असेल, डॉक्टरांच्या दवाखान्यातून करायचा.

३ फेब्रु., मंगळवार
हिराबाई खुर्चीत, पाय स्टुलावर. लुगडं स्वतःच वर घेतलं. म्हणाली, ‘मोबाइलमदली पाव्हनी नाय, तवा चालंल.’ तरी आधी फोनला हात जोडले, ‘पाय दावतंय, राग नको धरूस.’ घड्या, जुने व्रण, सगळं दाखवलं. तिकडे मुलगी कॅमेऱ्याजवळ सरकली. मग डॉक्टरांमार्फत तापाचं विचारलं. ‘बायकडं यायला लागल्यापास्नं ताप कमी. आदी दर म्हैन्याला आथरून धरायची.’ मुलगी म्हणाली, मी वर सांगते, पण ठरवणारे दुसरे आहेत.
घरी आले. हाताला साबणाचा वास नाही. आज मंगळवार वाटलाच नाही.

१० फेब्रु., मंगळवार
कळवलेलं नाही अजून काही. सकाळी उगाचच बादलीत पाणी काढून बसले. वेड लागलंय म्हटलं स्वतःला.
अकराच्या सुमारास बेल. दारात हिराबाई, काखेत प्लास्टिकचा टब! पत्ता डॉक्टरांकडून काढला. ‘खोली गेली त गेली, तुमचं हात हायत ना?’ पाणी दिलं, चहा टाकते म्हटलं. तोवर ती हॉलमध्ये भिंतीला टेकून बसली आणि दोन्ही पाय सरळ माझ्याकडे पसरले. ‘च्या नंतर. मी काय पाव्हनी हाय?’
माझ्या घरात असं पाय पसरून कोणी बसलं नव्हतं, हे गेल्यापासून. पाय मांडीवर घेतला.
तेवढ्यात खालून वॉचमनचा फोन. ‘मॅडम, अजून बायका आल्यात, टब घेऊन. सोसायटीवाले इचारतायत, कोन पाव्हने हायत काय?’
मलम सगळ्यांना पुरेल एवढंही नाही. समोरचीचं दार किलकिलं झालेलं दिसत होतं.
म्हटलं, पाहुणे नाहीत. वर सोडा.