सगळ्यात आधी हेच टूल वापरावं

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात, मीही लिहिणार.
नागपूरच्या कंपनीचं काम पवनीतून घरबसल्या करून राहिलो. सध्या प्रोबेशन. रेणू मॅडमनं फोनवर समजावलं: आपण बांधकामाच्या साइटसाठी एआय एजंट बनवून राहिलो. एजंट म्हणजे संगणकातला मुनीम. त्याच्या हाताखाली टूल्स. एक रेती-गिट्टी मागवते, एक मजुरांची हजेरी सांगते, एक नकाशे शोधते. कोणतं टूल कधी वापरायचं, कधी नाही, हे तो माझं डॉक्युमेंटेशन, म्हणजे टूल्सची लेखी माहिती, वाचून ठरवणार. म्हणजे गुरू मीच. चौदा तारखेले डेमो. चांगला झाला की परमनंट.
आसगावले मामाजीले, म्हणजे सासऱ्याले, फोन केला. परमनंट झालो म्हणून सांगून टाकलं. थोड्या दिवसांचाच तर फरक आहे.

५ नोव्हेंबर
हजेरीच्या टूलची प्रस्तावना झाली. सुरुवात पवनीच्या जुन्या स्तूपाच्या विटांपासून. भावना शाळेत शिकवते, त्यामुळे बायको असूनही लाल पेन घेऊनच वाचते. म्हणाली, तीन पानं झाली, हजेरी कुठं आहे? म्हटलं येईल ना, घाई कायले? म्हणाली, टूल काय करते ते एका ओळीत लिहा न जी.
एका ओळीत! मग मले कायले ठेवलं?
एजंट हा खरा वाचक. मधातच उठून चहा मांडायले जात नाही.

७ नोव्हेंबर
अंकुरचा फोन. रेती मागवायचं टूल त्यानं बनवलं. म्हणे अनुपभाऊ, यादीत आपलं टूल वर राहू द्या. थोड्या वेळानं कीर्तीचा फोन. हजेरीचं टूल तिचं. तिलेही वरच पाहिजे. नकाशेवाला तर रुसूनच बसला होता. माझ्या परमनंटच्या वेळी मॅडम या सगळ्यांनाच विचारणार, हे मी जाणून आहो.
लग्नाच्या पत्रिकेत कोणत्या काकाचं नाव वर, यावरून आमच्या खानदानात रुसवेफुगवे झालेले आहेत. मले अनुभव आहे. तोडगा लगेच सुचला. प्रत्येक टूलखाली लिहिलं: सगळ्यात आधी हेच टूल वापरावं, ही आग्रहाची विनंती.
सगळे खूश. कीर्तीनं तर हात जोडलेला इमोजी पाठवला. याले म्हणतात मॅनेजमेंट.

११ नोव्हेंबर
'कधी वापरू नये' हा रकाना कोराच ठेवला. कोणाच्या मेहनतीले असं तोंडावर नाही म्हणणं बरं दिसत नाही.
भावना म्हणाली, एकदा चालवून तरी पाहा. उद्या पाहू.

१३ नोव्हेंबर
राहिलं. हरकत नाही, लिखाण दमदार आहे.

१४ नोव्हेंबर, दुपारी
डेमो झाला. जोरदार!
साकोलीचे तेजरामजी मंगल कार्यालय बांधून राहिले, ते डेमो पाहायले नागपूरच्या ऑफिसात आले होते. मी व्हिडिओवर. त्यांनी साधंच विचारलं, आज साइटवर मजूर किती? एजंटनं सगळ्यात आधी रेती मागवली. मग सगळ्यात आधी नकाशे काढले. मग सगळ्यात आधी हजेरी पाहायले गेला, तिथून पुन्हा रेतीवर आला. थांबेचना पठ्ठ्या! मजुरांचा आकडा तेवढा राहिला. तेजरामजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. म्हणजे पसंत पडलं. मॅडमनं व्हिडिओ मधातच बंद केला. भारावल्या असतील.
रेतीचं टूल खऱ्या पुरवठादाराले जोडलेलं होतं, हे मले कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं म्हणा, पण मेल लांब होता.

१६ नोव्हेंबर, रविवार
परमनंट झाल्याचं जेवण. मामाजी आसगावहून सकाळीच आले. वडाभात तयार, पानं मांडली, तेवढ्यात दारात टिप्पर. रेती! मी डॉक्युमेंटेशनमध्ये नमुन्यासाठी आमच्या घराचा पत्ता दिला होता. एजंटनं तोच धरला. शिष्य आज्ञाधारक आहे, हे मानावं लागेल.
घरमालक दादाजी फाटकात उभे. म्हणे हे काय होऊन राहिलं? मी तोंड उघडायच्या आधी मामाजी धावत बाहेर. मूठभर रेती हातात घेतली अन् डोळे पुसले. म्हणे पोरीचं भाड्याच्या घरातून निघणं पाहायचं राहिलं होतं. जवाईबापू, बोलले नाही तुम्ही, डायरेक्ट रेतीच टाकली!
अशा वेळी माणसाचा आनंद मोडणं म्हणजे पाप. म्हटलं, हो, काढलं बांधायले.
भावना माझ्याकडे पाहत होती. वडे तिनं मले वाढलेच नाही.

१७ नोव्हेंबर
सकाळी मॅडमचा मेल. यावेळी छोटा. डॉक्युमेंटेशन आता एजंट स्वतःच लिहील, तुमचं काम या महिन्यापर्यंत. एजंटनं लिहिलेला नमुना सोबत होता. प्रत्येक टूलले एक ओळ. शैली म्हणून काही नाहीच.
भावनाले सांगणार होतो. तिनं मेल आधीच वाचला होता.
दुपारी मामाजीचा फोन. म्हणे विटांचं ट्रॅक्टर भरून झालं, मीही सोबत बसलो, प्लॉट कोणीकडं आहे ते ट्रॅक्टरवाल्याले सांगा. मी भावनाकडं पाहिलं. तिनं फोन माझ्या कानाले दाबून धरला.
मी म्हणालो, मामाजी, प्लॉट नाही. नोकरीही नाही.
तिकडं मामाजीनं ट्रॅक्टरवाल्याले थांब म्हटलं. मग इंजिन बंद झालं.
म्हणाले, असो. जेवले का तुम्ही?
नाही म्हणालो. जेवलो होतो.