टॉर्कपुढचं एकक

मॅडम, तुम्ही गेल्याला सात वर्षं झाली आणि मी तुम्हाला आज पहिल्यांदाच लिहिते आहे. तेही आपणहून नाही, तिनं मागितलं म्हणून. तीच, अमरावतीहून आलेली, हॉस्टेलवर राहणारी, तुमच्या उजव्या हाताला बसायची ती. तुमच्या भाचीसाठी ती तुमच्या आठवणी गोळा करते आहे, प्रत्येकानं पानभर लिहून द्यायचं. मागच्या बुधवारी ती कामानिमित्त हिंजवडीला आमच्या कंपनीत आली होती. कँटीनमध्ये समोर बसून म्हणाली, "तुझ्याशिवाय पुरं होणार नाही ते." मी हो म्हटलं. लिहायला बसले आणि पहिल्याच वाक्यात तुमच्याऐवजी तीच आली.

कसबा पेठेतलं आपलं ऑफिस आठवतं. खाली लग्नपत्रिकांचं दुकान, वर आपण सहाजण. तुम्ही आधी वीसेक वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेली, आणि आता यंत्रांच्या दुरुस्तीच्या पुस्तिका संगणकाला समजतील अशा करत होतात. पुस्तिकेतल्या प्रत्येक तुकड्याला एक नाव, त्याला आपण एलिमेंट म्हणायचो. त्याच्या पोटात काय चालेल, अंक की तारीख की मोकळा मजकूर, तो कितीदा येईल, त्याच्याबरोबर काय असलंच पाहिजे, हे सगळं आधी ठरवून लिहायचं, तो स्कीमा. मग संगणक प्रत्येक फाइल त्या नियमांवर ताडून बघतो आणि चुकलेली परत पाठवतो. माझा पहिला स्कीमा तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून वाचता आहात. "तारीख मोकळ्या मजकुरात ठेवलीत आपण? उत्तम. उद्या तिथे कुणी 'दिवाळीनंतर बघू' असं लिहिलं, तरी आपला स्कीमा मान डोलावेल." सगळे हसले. मीही हसले. त्यानंतर आजवर मी एकही तारीख मोकळी सोडलेली नाही.

मला तुम्ही नेहमी 'आपण' म्हणालात. मला सुरुवातीला तो मान वाटला. मग ती आली आणि तिसऱ्याच दिवशी तिला 'तू' झालं. "मॅडम, मी करून देतो ना," असं ती बोलायची, आणि तुम्ही, ज्यांच्या नजरेतून साधी वेलांटी सुटत नसे, तिचं ते वऱ्हाडी 'देतो' ऐकून नुसत्या हसायचात. दुपारी तुमच्या डब्यातला खालचा कप्पा तिचा. थालीपीठ, कधी अळूची भाजी. एकदा मी म्हटलं, "मॅडम, आम्हालाही आवडते हो अळूची भाजी." तुम्ही डब्यातून मान वर न करता म्हणालात, "आपल्या खडकीच्या घरी आई आहे. हिच्या खोलीवर कोण आहे?" बरोबरच होतं ते. पण बरोबर असल्यानं काही हेवा कमी होत नाही. तिच्या कागदावर तुमची पेन्सिल दहा मिनिटं फिरायची, माझ्या कागदावर एक बरोबरची खूण. चांगलं काम करण्याची ही शिक्षा आहे, असं मला तेव्हा खरंच वाटायचं.

पंपांची ती पुस्तिका आली तेव्हा स्कीमा तुम्ही तिच्याकडे दिलात. मी दोन वर्षं जुनी होते. तो पूर्ण झाल्यावर तुम्ही मला म्हणालात, "जरा नजर टाका." मी टाकली. नट किती जोरानं आवळायचा, तो आकडा, टॉर्क, तिनं नीट दशांश अंक म्हणून बांधला होता. तिथे शब्द लिहिताच आला नसता. पण त्या आकड्याबरोबरचं एकक तिनं ऐच्छिक ठेवलं होतं. दिलं तर दिलं, नाही तर नाही. त्या पुस्तिकेची जुनी पानं फूट-पाउंडात होती आणि नवी न्यूटन-मीटरमध्ये. मला ते पाहताक्षणी कळलं. मी माझ्या फोल्डरमध्ये एक प्रत केली, एकक सक्तीचं केलं, फाइल चालवून पाहिली. एकक नसलेले आकडे पटापटा लाल झाले. मी ती प्रत जपून ठेवली आणि तुम्हाला सांगितलं, "ठीक वाटतंय." ग्राहक तक्रार करेल, तुम्ही तिला सगळ्यांसमोर बोलाल, मग मी माझी प्रत पुढे करीन, असं माझ्या मनात होतं. त्यापलीकडचं मी बघितलंच नाही.

तक्रार आली ती वेगळीच. पंप बसवणाऱ्या एका मेकॅनिकनं न्यूटन-मीटरमधला नुसता आकडा वाचला, जुन्या सवयीनं फूट-पाउंड समजून हवं त्यापेक्षा जास्त आवळत गेला, बोल्ट तुटला आणि पान्हा सटकून त्याचं मनगट मोडलं. बैठकीत मालकांनी विचारलं, "हे कुणी केलं?" ती रडवेली होऊन उठते आहे, आणि तुम्ही तिचा हात धरून तिला खाली बसवता आहात. "शेवटची सही माझी आहे. विचारायचं ते मला विचारा." मी माझ्या वहीत काहीतरी लिहीत होते, काय ते आठवत नाही. तुमच्याकडचं काम काढून घेतलं. तुम्ही चार महिन्यांत सोडून गेलात. माझी प्रत कुणालाच दाखवण्यासारखी उरली नव्हती. तुमच्या जागी मी बसले, तिथून इथे आले, आणि आता लोक मला काटेकोर म्हणतात. तुम्ही गेल्याचा निरोप आला तेव्हा कामाचं निमित्त सांगून मी आले नाही.

बुधवारी मला राहवलं नाही. चहा गार होत असताना मी तिला सगळं सांगून टाकलं, एकक, प्रत, 'ठीक वाटतंय'.

"माहीत आहे गं मला," ती म्हणाली. "मॅडमनी दवाखान्यात असताना सांगितलं. जुन्या फाइली शोधताना तुझी ती प्रत त्यांना मिळाली होती, बैठकीच्या आधीच. म्हणाल्या, तिला कळू देऊ नकोस, घेऊन बसेल ती आयुष्यभर."

"आणि तुला राग नाही आला?"

"आला ना. चांगला दोन वर्षं होता."

तुमच्या भाचीला मी चार बऱ्या ओळी लिहून देईन. हे पान देणार नाही. तिच्याशी बोलून झाल्यावर परतीच्या बसमध्ये मला लाज वाटली, खूप वाटली, वाकडच्या पुलाजवळ बस अडकली होती तेव्हा डोळेही भरून आले. पण त्या टेबलाशी, तिचं बोलणं संपलं त्या क्षणी, पहिल्यांदा मनात आलं ते हे की माझ्याबद्दलची एवढी मोठी गोष्ट, तीसुद्धा तुम्ही तिलाच सांगितलीत.